दुखलं नाही म्हणून सोडून दिलं

आज फवारणी नाही, खत नाही. स्वतःचंच लिहितो, कामाचं आहे म्हणून.

मागच्या मार्चमध्ये रात्रीच्या लाइटीवर कांद्याला पाणी भरत होतो. बांधावर लघवीला गेलो तर बॅटरीच्या उजेडात लाल दिसली. कळ नाही, जळजळ नाही. आई म्हणाली, उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचं पाणी पी. दोन दिवसांत लघवी साफ झाली आणि मी विसरून गेलो. वय 37, आपल्याला काय होतंय!

जुलैत पुन्हा तेच. मुतखडा समजून गावातच गोळ्या घेतल्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिसऱ्यांदा लाल झाली, रक्ताच्या गुठळ्याही पडल्या. तेव्हा बायकोनेच तालुक्याला नेलं. सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली. यूरोलॉजिस्टनी दुर्बिणीतून ती खरवडून काढली आणि तपासायला पाठवली. कॅन्सर निघाला. स्नायूपर्यंत पोचला नव्हता, पण जात जोरात वाढणारी.

मग सहा आठवडे, दर आठवड्याला एकदा नळीवाटे मूत्राशयात बीसीजी सोडलं. लहानपणी दंडावर टोचतात तीच टीबीची लस. दोन तास लघवी धरून ठेवायची. आता दर तीन महिन्यांनी दुर्बिणीने तपासणी. पहिली साफ आली, दुसरी पुढच्या आठवड्यात आहे.

डॉक्टरांनी आधी बिडीचं विचारलं. धुरातलं विष रक्तात जातं, मूत्रपिंडं ते गाळून लघवीत टाकतात आणि तीच लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठून राहते. मी सोळाव्या वर्षापासून ओढत होतो. आता बंद केली. हा आजार जास्त करून पंचावन्नच्या पुढे दिसतो, म्हणून तरुणाच्या बाबतीत तो पटकन कुणाच्या मनात येत नाही.

डाळिंबाची एक फांदी पिवळी पडली तर मर आहे का म्हणून मी त्याच दिवशी बुडाशी उकरतो. स्वतःच्या बाबतीत पाच महिने घालवले.

लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, दुखत नसलं, आपोआप थांबलं, तरी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. सोनोग्राफी साफ आली आणि रक्त पुन्हा दिसलं, तर दुर्बिणीच्या तपासणीचं स्वतःहून विचारा. लाजू नका, घरच्यांना सांगा.

कांद्याच्या करप्याचं उद्या लिहितो.