पत्र आलं कुठून

हैदराबादेत चिक्कडपल्लीतल्या घरगुती ब्रॉडबँडवर मेल सर्व्हर चालवता येत नाही. घरी मिळणारा आयपी पत्ता बदलता असतो, बऱ्याचदा कितीतरी घरांत वाटलेला. बाहेर जाणारं पोर्ट २५ बहुधा बंद असतं. शिवाय असे पत्ते स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत आधीच चढलेले असतात; इथून थेट मेल यायचं कारण नाही, आला तर घेऊ नका, असा त्या यादीचा अर्थ. मला हे बंधन पटतं. व्हायरसनं ताबा घेतलेल्या घरगुती संगणकांतूनच एके काळी स्पॅमचे लोंढे सुटत होते.

ज्याचा सर्व्हर मी सांभाळतो ते कर सल्लागारांचं छोटं ऑफिस त्यागराय गान सभेच्या सभागृहाजवळ आहे. लोकांचे पॅन, पगाराचे दाखले, बँकेचे उतारे त्यांच्याकडे मेलनं येतात. हे सगळं आपल्याच कपाटात असावं, असा तिथल्या थोरल्या सरांचा आग्रह. त्यांनी स्थिर आयपीची जोडणी घेतली. मग आम्ही जोडणी देणाऱ्याकडे अर्ज केला : पोर्ट २५ उघडा आणि या आयपीची पीटीआर नोंद, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी, आमच्या मेल सर्व्हरच्या नावाची करा. ही नोंद डोमेनच्या पॅनेलमध्ये कितीही शोधली तरी सापडत नाही. आयपी ज्याचा, नोंद त्याच्या हातात. ती नसेल तर मोठे मेलवाले पत्र दारातच अडवतात.

आत मांडणी तशी जुनीच. पत्रांची ने-आण पोस्टफिक्सकडे. व्हिएत्से व्हेनेमा यांनी ते आयबीएममध्ये असताना लिहिलं, १९९८ साली ते बाहेर आलं. पेट्या डोव्हकॉटकडे, गाळणी आरस्पॅमडीकडे. हे सगळं डॉकरच्या कंटेनरांत बसवलं की सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर हलवणं सोपं जातं, मात्र पेट्या आणि किल्ल्या कंटेनरबाहेरच्या व्हॉल्यूमवर असायला हव्यात. सोय खरी आहे. तिच्यासोबत येणारे धोके मात्र वरवर पाहून कळत नाहीत. यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये बंद केलेलं पोर्ट डॉकरनं प्रकाशित केलं की बाहेरून उघडंच राहतं, कारण डॉकर आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम घालतो आणि ती वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. म्हणून व्यवस्थापनाचं पॅनेल मी फक्त १२७.०.०.१ वर बांधतो.

दुसरा धोका याहून मोठा. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचा मसुदा लिहिला, तेव्हा पाठवणारा जे नाव सांगेल ते मानलं जाई. आजही मूळ प्रोटोकॉल तसाच आहे : पाठवणाऱ्याचं नाव हा नुसता दावा. जोडणी कुठल्या आयपीवरून आली, एवढी एकच गोष्ट सर्व्हरला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. या डोमेनची पत्रं या आयपीवरून निघू शकतात का, ही एसपीएफची तपासणी तिच्यावर उभी, काळ्या याद्या तिच्यावर, फेल२बॅनची बंदीही तिच्यावर.

आणि कंटेनर नेमकं तेच पुसू शकतो. बाहेरचा माणूस आयपीव्ही६ नं आला आणि कंटेनरच्या जाळ्यात फक्त आयपीव्ही४ असेल, तर डॉकरचा मधला प्रॉक्सी ती जोडणी स्वतः पुढे करतो. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये मग पाहुण्याचा पत्ता उमटतो १७२.१८.०.१, म्हणजे आपल्याच ब्रिजचा. वॉचमननं रजिस्टरमध्ये प्रत्येकापुढे ‘गेटवरून आले’ एवढंच लिहावं, तसं. त्यात पोस्टफिक्सच्या ‘मायनेटवर्क्स’ या विश्वासू जाळ्यांच्या यादीत डॉकरचं अख्खं जाळं लिहिलेलं असेल, तर जगातला कुणीही आपल्या सर्व्हरवरून कुणालाही मेल पाठवू शकतो. आयपीची पत मग बघता बघता जाते, आणि परत मिळवायला फार वेळ लागतो.

म्हणून ‘मायनेटवर्क्स’मध्ये मी लूपबॅकपलीकडे काही ठेवत नाही, ऑफिसातल्या माणसांनीही पासवर्ड देऊनच पाठवायचं, पोर्ट ४६५ वरून. डॉकरच्या जाळ्याला आयपीव्ही६ रीतसर द्यायचं, नाहीतर डीएनएसमधली आयपीव्ही६ पत्ता सांगणारी एएएए नोंदच काढायची. तपासणी घरून होत नाही, तिथं २५ बंद. बाहेरच्या एका भाड्याच्या यंत्रावरून दोन्ही वाटांनी जोडणी करतो, परक्या डोमेनचा पत्ता देतो आणि ५५४ येईपर्यंत पुढे सरकत नाही.

जाणाऱ्या पत्रांची हमी निराळी. एसपीएफ, पत्रावर डीकेआयएमची सही, आणि यातलं काहीच जुळलं नाही तर काय करायचं ते सांगणारं डीमार्क. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं सगळ्याच पाठवणाऱ्यांकडून यातलं काही ना काही सक्तीचं केलंय. डीमार्कचं धोरण सुरुवातीला ‘नन’ ठेवून रोजचे अहवाल वाचत बसावं, हे माझं ठाम मत. त्या अहवालांतच दिसलं की विवरणपत्रांच्या घाईत ऑफिसच्या नावानं कुठल्या कुठल्या परक्या आयपींवरून मेल सुटत होते.

सरांनी विचारलं, “आता आपल्या नावानं दुसरं कुणी पाठवू शकणार नाही ना?”

“पाठवतील, सर. पण धोरण ‘रिजेक्ट’ केलं की डीमार्क पाळणारा परत लावील.”

तसं करण्याआधी एक अडचण होती. एक निवृत्त भागीदार आपली ऑफिसची पत्रं दुसऱ्या पेटीकडे वळवतात, आणि वळवलेल्या पत्रात एसपीएफ टिकत नाही. डीकेआयएमची सही मात्र मजकूर न बदलता पुढे गेला तर शाबूत राहते. त्यांच्याकडे पोचलेल्या पत्राचे हेडर मागवून ती पाहिली, मगच बदल केला. आता डॉकरची नवी इमेज ओढली की आधी लॉगमधली पहिली बाहेरची जोडणी बघतो. पत्ता आपल्याच ब्रिजचा असेल, तर पोर्ट २५ तिथल्या तिथं बंद.