वाऱ्याची पॉलिसी, पाण्याची पॉलिसी

टॅम्पा, फ्लोरिडा
६ मे २०२५

ती. दादास,

चिरंजीवांचं घर अजून ठरलेलं नाही, आणि ते विम्यापायी अडलं आहे. फोनवर तू म्हणालास, "कर्ज मंजूर आहे, घरं पाहून झालीत, मग विम्याचं एवढं काय?" इथे येऊन पाहिल्यावर मला वाटतं, कुठलं घर घ्यायचं हे कोडंच विमा सोडवतो आहे, आणि ते एका परीने बरं आहे.

इथली बँक पॉलिसी पाहिल्याशिवाय कर्जाचे पैसे सोडत नाही. पुढे कधी पॉलिसी बंद पडली तर बँक स्वतःच एक उतरवते. ती महाग असते, तिने बँकेचं कर्ज राखलं जातं, घरातलं सामान बहुधा उघड्यावर राहतं, आणि हप्ता मात्र आपल्या बोकांडी बसतो. त्यामुळे विमा घ्यावा की नाही हा विचारच नाही. कोणता घ्यावा, एवढाच आहे.

चिरंजीवांनी दोन घरं हेरून ठेवली आहेत. एक खाडीपलीकडे सेंट पीटर्सबर्गच्या शोअर एकर्स वस्तीत, पाण्याला लागून. दुसरं टॅम्पाच्या पूर्वेला ब्रँडनमध्ये, किनाऱ्यापासून आत. सूनबाईंचा जीव पहिल्यावर जडला आहे. मागच्या दारी लाकडी धक्का आहे, त्यावर पेलिकन येऊन बसतात. समुद्राकाठी वाढलेल्या मला ते का आवडणार नाही? पण काल आम्ही त्या वस्तीतून पायी हिंडलो. घरामागून घर विकायला काढलेलं. काहींच्या भिंतींचे आतले तक्ते कमरेपर्यंत कापून नवे लावलेले. एक घर तर जॅकवर उचलून खाली खांब उभे करायचं काम चाललं होतं.

गेल्या वर्षी २६ सप्टेंबरच्या रात्री हेलीन वादळ किनाऱ्याला लागलं ते पेरी गावाजवळ, इथून अडीचशे किलोमीटर उत्तरेला. तरी त्याने ढकललेलं समुद्राचं पाणी टॅम्पाच्या खाडीत चढलं आणि या वस्तीत घरोघर शिरलं. छपरं जागच्या जागी, आत मात्र सगळं खारं पाणी. लोक भिजलेले सोफे, गाद्या रस्त्यावर आणून टाकत होते, ते ढीग उचलून व्हायच्या आत ९ ऑक्टोबरला मिल्टन आलं. ते दक्षिणेला सिएस्टा की बेटावर धडकलं, आणि त्याच्या वाऱ्याने सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉल स्टेडियमचं कापडी छप्पर फाडून नेलं. मागे नुसता सांगाडा उरला. दोन आठवड्यांच्या आत एकाच गावाला आधी पाण्याने गाठलं, मग वाऱ्याने.

गेल्या १ ऑक्टोबरपासून इथे कायदा झाला आहे, की घर विकणाऱ्याने पुराच्या विम्याचा दावा केला होता का, पुरासाठी सरकारी मदत घेतली होती का, हे लेखी सांगायचं. चिरंजीवांना म्हटलं, किमतीची घासाघीस नंतर कर, तो कागद आधी माग.


फोर्ट मायर्स बीच
११ मे

ती. दादास,

टॅम्पाहून दक्षिणेला गाडीने आलो. वाटेत पुंटा गोर्डा लागलं. १३ ऑगस्ट २००४ ला चार्ली वादळाने ते गाव मोडलं होतं. नंतर जे बांधलं गेलं ते राज्याच्या नव्या बांधकाम नियमांप्रमाणे, आणि २०२२ च्या इयान वादळात ही नवी घरं बऱ्यापैकी टिकली. तिथून तासाभरात इथे पोचलो, तर चित्र पालटलं.

२८ सप्टेंबर २०२२ ला इयान इथून जवळच कायो कोस्टा बेटावर आदळलं, ताशी १५० मैलांच्या वाऱ्यानिशी. पण या बेटाचं वाटोळं केलं ते पाण्याने. जमिनीपासून १० ते १५ फूट उंच समुद्र गावावरून गेला. अजूनही कितीतरी ठिकाणी नुसते काँक्रीटचे चौथरे आहेत. शेजारी नवी घरं उभी राहताहेत ती उंच खांबांवर, खाली फक्त गाडी ठेवायची जागा. तिथल्या भिंती मुद्दाम अशा बांधतात की लाटेने त्या निखळून पडाव्यात आणि खांबांवर जोर येऊ नये.

अशाच एका चौथऱ्यावर ट्रेलर लावून राहणाऱ्या एका वयस्क बाई भेटल्या. मी जन्मभर विमा कंपनीत दाव्यांच्या फायली चाळल्या हे कळल्यावर त्यांनी आपले कागदच बाहेर काढले. त्यांच्याकडे घराची पॉलिसी होती, हप्ते वेळेवर भरलेले होते. पुराची पॉलिसी नव्हती. कंपनीच्या माणसाने लिहिलं, घर पाण्याने नेलं. बाईंचं म्हणणं, पाणी येण्याआधीच वाऱ्याने छप्पर उडवलं होतं. साक्षीला घरच शिल्लक नाही. मिळाली ती थोडी रक्कम वाऱ्याच्या नावावर.

दादा, इथल्या विम्याची सगळी मेख इथे आहे, म्हणून सविस्तर लिहिते. घराची नेहमीची पॉलिसी वारा धरते, पूर धरत नाही. वाऱ्याने छपराला भोक पडलं आणि तिथून पाऊस आत आला, तर ते वाऱ्याचं नुकसान. श्रीवर्धनला निसर्ग चक्रीवादळात ३ जूनच्या दुपारी आपली कौलं उडाली आणि माजघरात पाऊस कोसळला, तसं. पण जमिनीवरून चढत आलेलं पाणी, मग ते नदीचं असो की समुद्राचं, पूर समजलं जातं. त्याला वेगळी पॉलिसी लागते. ती बहुतेक लोक केंद्र सरकारच्या १९६८ पासून चालणाऱ्या पूर विमा योजनेतून घेतात. त्यातही घराच्या इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, सामानाला १ लाख, आणि सामानाचा भाग स्वतः मागून घ्यावा लागतो. घर दुरुस्त होईतो भाड्याने राहायचा खर्च ही योजना देत नाही. घेतल्यापासून ३० दिवसांनी ती लागू होते. फक्त कर्ज काढून घर घेताना, त्या व्यवहारातच काढली तर ही वाट पाहावी लागत नाही.

वादळ वारा आणि पाणी एकत्रच आणतं. कागदाने ते दोन कप्प्यांत टाकले. जो एकाच कप्प्याचा हप्ता भरतो त्याला दुसऱ्याचं नुकसान झालं की भांडत बसावं लागतं, आणि पुरावे शोधत फिरायची वेळ येते ती घर गमावलेल्या माणसावर. मला ही व्यवस्था अन्यायाची वाटते. पण नाइलाज आहे. या किनाऱ्यावर राहायचं तर दोन्ही पॉलिसी घ्यायच्या, यात मला शंका उरली नाही.

आणखी एक. घराची दुरुस्ती त्याच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या वर गेली, तर पूर-क्षेत्रात ते जुन्या उंचीवर पुन्हा बांधता येत नाही, आजच्या नियमाइतकं वर उचलावं लागतं. हा वाढीव खर्च पॉलिसीत धरला आहे का, हे फार थोडे लोक विचारतात.


होमस्टेड
१४ मे

ती. दादास,

इथे आंब्याच्या बागा आहेत, झाडं आपल्याकडच्यापेक्षा बुटकी छाटलेली. वहिनींना फोटो पाठवला आहे.

२४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे अँड्र्यू वादळ या गावावरून गेलं. या जिल्ह्यात २५ हजारांहून जास्त घरं जमीनदोस्त झाली. त्यानंतर ११ विमा कंपन्या बुडाल्या आणि मोठ्या कंपन्यांनी फ्लोरिडातून अंग काढायला सुरुवात केली. आज जे काही नियम, जी काही महागाई दिसते तिचा बराचसा उगम इथे आहे. पडलेल्या घरांची तपासणी झाली तेव्हा कळलं की वाऱ्याइतकाच दोष बांधकामाचा होता. छपराच्या फळ्या वाशांना नीट ठोकलेल्याच नव्हत्या. त्यातून पुढे २००२ मध्ये सगळ्या राज्याला एकच बांधकाम संहिता लागू झाली. म्हणून इथे घर कधी बांधलं हे विमावाले आधी विचारतात.

२००२ मध्येच राज्याने सिटिझन्स नावाची स्वतःची विमा संस्था उभी केली, ज्यांना खाजगी कंपनी उभं करत नाही त्यांच्यासाठी. २०२३ मध्ये तिच्या पॉलिसी १४ लाखांच्या आसपास गेल्या होत्या. यावरून खाजगी बाजाराची दशा समज. मोठ्या वादळात तिच्या तिजोरीत खड्डा पडला तर जादा आकारणी पॉलिसीधारकांवर येते, आणि तेवढ्याने भागलं नाही तर इतरांच्या पॉलिसीवरही. शिवाय खाजगी कंपनीचा हप्ता तिच्यापेक्षा २० टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, तर तिच्याकडे जाताच येत नाही.

कोरल गेबल्स इथून जवळच. तिथले हर्बर्ट सॅफिर हे स्थापत्य अभियंता होते. वादळाच्या १ ते ५ या श्रेणी ज्या सॅफिर-सिम्पसन मापावर ठरतात ते त्यांनी सुरू केलं, वाऱ्याने घरांचं काय होईल हे सांगण्यासाठी. आज ती श्रेणी फक्त वाऱ्याची आहे, पाण्याची नाही. 'एक नंबरचंच वादळ आहे' असं ऐकून खाडीकाठचा माणूस निवांत बसला, तर तो त्या आकड्याला नको ते विचारतो आहे.


टॅम्पा
२२ मे

ती. दादास,

ब्रँडनचं घर ठरलं. सूनबाई दोन दिवस गप्प होत्या. मग त्यांनीच शोअर एकर्सच्या घराचा तो पुराचा कागद वाचला आणि विषय संपवला.

आता पॉलिसीचं सांगते, कारण तुला सगळं जाणून घ्यायचं असतं. घर २००४ चं, म्हणजे नव्या संहितेनंतरचं. छप्पर चौपाखी, चारही बाजूंनी उतरतं, त्यामुळे वाऱ्याला आपटायला सपाट त्रिकोण मिळत नाही. दुपाखी घराला इथे तेवढी सवलत नाही. तपासणीला आलेला माणूस माळ्यावर रांगत गेला. वासे भिंतीला नुसत्या तिरक्या खिळ्यांनी धरलेत, चिमट्याने, की वरून गुंडाळलेल्या पोलादी पट्टीने, याचे फोटो काढले. वादळात वारा छप्पर नुसतं दाबत नाही, तो ते उचलतो. म्हणून ही पट्टी मोलाची. हा अहवाल ५ वर्षं चालतो, आणि हप्त्यातला वाऱ्याचा जो भाग आहे त्यात सूट मिळते. ही तपासणी न करता हप्ता महाग म्हणून कपाळाला हात लावणारे पुष्कळ भेटले.

नंतर बसलो ते चक्रीवादळाच्या वजावटीवर. कंपन्या पर्याय देतात: ५०० डॉलर, किंवा २, ५, १० टक्के. हे टक्के नुकसानीचे नाहीत, घराच्या विमा रकमेचे आहेत. ४ लाखांच्या घराला २ टक्के म्हणजे ८ हजार, १० टक्के म्हणजे ४० हजार डॉलर आधी आपल्या खिशातून. १० टक्क्यांचा हप्ता पाहून चिरंजीव खूश झाले होते. मी विचारलं, "उद्या सकाळी ४० हजार रोख काढशील?" २ टक्के घेतले. ही वजावट वर्षातून एकदाच पुरती लागते, हे बरं. गेल्या वर्षासारखी दोन वादळं लागोपाठ आली तर दुसऱ्यांदा सगळी भरावी लागत नाही.

विम्याची रक्कम घर पुन्हा बांधायच्या खर्चावर धरली, बाजारभावावर नाही. जमीन कुठे उडून जात नाही. छपराला नव्याचे पैसे मिळणार की घसारा वजा जाऊन, ते लेखी घेतलं. एका स्वस्त पॉलिसीत छपराला घसारा होता, ती तिथेच बाजूला ठेवली. नियम बदलल्याने वाढणाऱ्या खर्चासाठी २५ ऐवजी ५० टक्क्यांचं कलम घेतलं. मागच्या अंगणातला जाळीचा पिंजरा वादळाच्या विम्यात येत नाही, तो सोडून दिला.

कंपनी निवडताना मी हट्टाला पेटले. सगळ्यात कमी हप्त्याची कंपनी नवी होती. अँड्र्यूचं ऐकून आल्यावर मला तिचा ताळेबंद आणि तिने मागच्या दोन मोसमांत दावे कसे फेडले हे पाहिल्याशिवाय झोप येईना. कंपनी बुडालीच तर राज्याचा हमी निधी आहे, घराला जास्तीत जास्त ५ लाख डॉलरपर्यंत. पण बुडलेल्या कंपनीच्या दाव्याची वाट छपराशिवाय पाहायची वेळ पोरांवर येऊ नये. थोडा जास्त हप्ता देऊन जुनी, भक्कम कंपनी घेतली.

पुराची पॉलिसीही काढली. ब्रँडनचं घर कमी धोक्याच्या भागात आहे, बँकेने सक्ती केली नव्हती, एजंटही "गरज नाही" म्हणाला. पण मिल्टनच्या पावसाने जवळचीच अलाफिया नदी फुगून आतल्या भागातली घरं बुडवली होती. सामानाचा भागही घेतला. हे सगळं मेमध्येच उरकलं, कारण १ जूनपासून मोसम सुरू होतो आणि वादळाचा इशारा निघाला की कंपन्या नव्या पॉलिसी देणं थांबवतात. घराच्या पॉलिसीचा दावा नुकसानीपासून वर्षाच्या आत कळवायचा, हे चिरंजीवांच्या फोनवर लिहून ठेवलं आहे. घरातल्या प्रत्येक खोलीचं चित्रीकरणही करून ठेवायला लावलं.

आता आपल्या घराचं. निसर्गनंतर पंचनामा झाला, मदत आली, पण छपराचा खर्च तुझ्या पेन्शनीतूनच गेला. एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे भारत गृह रक्षा ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. चक्रीवादळ आणि पूर दोन्ही तिच्या एकाच छत्रीखाली आहेत. इथल्या लोकांना जे मिळवायला दोन दारं ठोठवावी लागतात ते आपल्याला एका दारात मिळतं, आणि श्रीवर्धनात ते घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. घराचं क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर अशी रक्कम काढतात. सामान त्याच्या २० टक्क्यांपर्यंत, १० लाखांच्या मर्यादेत, आपोआप धरलं जातं. सुपारीची वाडी मात्र त्यात येत नाही.

म्हणून या आठवड्यात दोन कामं कर. सुताराला बोलावून पडवीच्या वाशांना भिंतीवरच्या पाटाशी लोखंडी पट्ट्या मारून घे. पत्र्याच्या बाजूला आधी. आणि घराची मापं, घरपट्टीची पावती, निसर्गच्या वेळचे फोटो घेऊन विमा कंपनीच्या अलिबागच्या शाखेत जा. माडी काकांच्या नावावर आहे, ती आपल्याच पॉलिसीत धरतात की वेगळी काढावी लागते, ते तिथेच विचारून मला कळव.

सौ. वहिनींस नमस्कार.

तुझी धाकटी बहीण