समेच्या अलीकडे

जळगावात दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. बालगंधर्व म्हणजे नारायण राजहंस लहानपणी याच गावात मेहबूब खाँसाहेबांकडे गाणं शिकले, त्यामुळे इथल्या रसिकांना त्या नावाचा जरा जास्तच जिव्हाळा. मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेलो तो थेट मंचाखाली जाऊन बसलो. जवळून फोटो चांगले येतात, एवढीच अक्कल होती.

आलाप मंद्रात उतरला होता, सभागृह चिडीचूप. माझा कॅमेरा मात्र खट्, खट्. मागून एका आजोबांनी खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "अहो, सम तरी येऊ द्या."

घरी येऊन पाहिलं तर तीनशेच्या वर फोटो. खालून काढल्यामुळे गायिकेच्या नाकपुड्या दिसत होत्या, तोंडावर माईक होता, डोक्यातून तानपुऱ्याची खुंटी उगवली होती. वर दिव्यांमुळे चेहरा जांभळा. पुण्याचे सतीश पाकणीकर फिल्मवर गवयांचे फोटो काढत, तेव्हा एका रोलमध्ये ३६ फ्रेम असायच्या. मी ३६ फोटो तर पहिल्या बंदिशीआधीच उडवले होते.

त्याच वर्षी श्रावणात धुळ्याला मावशीकडे कानबाई बसली. नागपंचमीनंतरचा रविवार. नारळाला नथ घालून चौरंगावर मांडलेली कानबाई, समोर समई, वर एकच पिवळा बल्ब आणि रात्रभर बायकांची गाणी. मावशी ओळ सांगायची, बाकीच्या ती उचलायच्या. मी मावशीवरच कॅमेरा रोखून होतो. ती मध्येच थांबून म्हणाली, "मन्हा एकलीना फोटू कसाले काढस रे? मांगे म्हननाऱ्यासनाबी काढ ना!"

मी उठून भिंतीच्या कोपऱ्यात गेलो. तिथून मावशी कडेने दिसत होती आणि पलीकडे ओळ उचलायला टपलेल्या चार जणी. तिचे ओठ मिटत आणि त्यांचे उघडत. गाणं एकीच्या तोंडून सुटून दुसऱ्यांच्या तोंडी जाताना मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. सोमवारी पांझरेवर विसर्जनाला बँड लागला, सगळे बेभान नाचले. पण फोटो जमला होता तो रात्रीचा.

पुढच्या जानेवारीत मी पेटीवाल्याच्या बाजूचा कोपरा धरला. तिथून गायक कडेने दिसतो, त्याच्यापलीकडे तबलजीचा चेहरा समोर येतो आणि माईक दोघांच्या आड येत नाही. मागे काळा पडदा होता. कॅमेरा आपल्या मताने तो उजळायला जातो आणि चेहरे पांढरेफटक पडतात, म्हणून उजेड फक्त चेहऱ्यावर मोजला. शटर १/१२५ वर ठेवलं. चेहरा स्थिर राहतो आणि तबल्यावरची बोटं किंचित पुसट होतात. पुसटच बरी, नाहीतर ती तबल्यावर नुसती ठेवल्यासारखी दिसतात. जांभळ्या रंगावर उपाय सापडला नाही. फोटो कृष्णधवल केले.

मग कॅमेरा मांडीवर ठेवून त्रितालाच्या सोळा मात्रा मोजत बसलो. आलापात बटणाला हात लावला नाही. समेवर दाबलं तर उशीर होतो, हात खाली आलेला असतो, 'वाहवा' निघून गेलेली असते. तिहाई सुरू झाली की तयार राहायचं आणि शेवटच्या धाच्या जरा आधी दाबायचं. तबल्याच्या दणक्यात खट् बुडून जातो.

त्या रात्री एकेचाळीस फोटो काढले, त्यातले दोन ठेवले. एकात सम अचूक सापडली आहे. दुसऱ्यात मी घाई केली: गायकाचा हात अजून हवेतच आहे, तबलजी त्याच्याकडे बघतोय आणि दोघांच्या मधे नुसता काळा पडदा. मावशीला दोन्ही दाखवले. तिने हाच उचलून भिंतीवर लावला.