‘देतो’ आणि ‘बघतो’ यांचा पुरावा

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा कायदा साऱ्या देशाला समजावला तो जालन्याच्या एका निवडणूक वादाने. (जालना १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते.) २०१४ साली उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर स्वीकारले गेले काय, हे निवडणूक कार्यालयाच्याच चित्रीकरणावरून ठरायचे होते, आणि मागूनही प्रमाणपत्र मिळेना. अर्जुन खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्वाळा दिला: मालकाने मूळ उपकरण आणून साक्ष दिली नाही, तर प्रमाणपत्र हवेच, ते नाकारले गेल्यास न्यायालयाकडे अर्ज करावा. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश मूल्यही लिहावे लागते. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ते मूल्य बदलते. जुन्या पत्राखाली मोर्तब उमटले की पुढे ओळ घुसडता येत नसे, त्याच जातीचा हा बंदोबस्त.

हैदराबादेत वकिली करताना माझी अडचण मात्र याच्याही अलीकडची असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ खाली प्रतिपक्षाकडून शपथेवर दस्तऐवजांचे प्रकटीकरण मागता येते. पण ते धुंडाळायचे कोणत्या शब्दांनी? दोन मराठी भागीदारांच्या वादात प्रतिपक्षाने ‘लोन’, ‘पेमेंट’, ‘इंटरेस्ट’ हे इंग्रजी शब्द घालून संगणक चाळला आणि काहीच सापडले नाही, असे प्रतिज्ञापत्र दिले. सापडणार कसे? ते दोघे वर्षानुवर्षे ‘हातउसने’, ‘व्याज’, ‘हिशेब चुकता’ असे लिहीत आलेले. तेही निम्मे रोमन लिपीत, एकट्या ‘व्याज’ची चार स्पेलिंगे. आम्ही दुसरा अर्ज केला तो दोन्ही लिप्यांतली शब्दसूची आणि तारखांची मर्यादा जोडून. संदेश बाहेर आले.

मग अनुवाद आला. ‘देतो’ आणि ‘बघतो’ या दोहोंचे इंग्रजी अनुवादकाने ‘विचार करीन’ असे एकच केले. बेळगाव, बिदर, आदिलाबाद, कुठल्याही मराठी घरात विचारा: ‘देतो’ हा दिलेला शब्द असतो आणि ‘बघतो’ हा बहुधा सभ्य नकार. लाखो रुपयांचे देणे या दोन क्रियापदांमध्ये लोंबकळत आहे.

सीमेपलीकडच्या न्यायालयात ज्यांचा व्यवहार जाऊ शकतो, त्यांनी जुना फोन विकू नये, संवाद पुसू नये, केवळ स्क्रीनशॉटवर विसंबू नये. मराठीतच लिहावे, पण देवनागरीत, रक्कम आणि तारीख घालून. आमची अनुवादावरची हरकत पुढच्या तारखेला सुनावणीस आहे.