रेहेकुरीचा माळ

तथागतांनी पहिले प्रवचन सारनाथच्या मृगदाय वनात दिले, हे आपल्या घरातील मुलांनाही ठाऊक असते. पण हरणाला कसली जागा लागते, हे मला रेहेकुरीला गेल्यावर समजले. अहिल्यानगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात १९८० साली झालेले हे काळवीट अभयारण्य. क्षेत्र जेमतेम दोन चौरस किलोमीटर.

मुलांना वाटले होते, दाट जंगल असेल. तिथे तर आखूड गवत, मधूनमधून बाभळी आणि वर उघडे आभाळ. काळविटाला हेच मानवते. त्याचा सारा भरवसा डोळ्यांवर आणि पायांवर. गच्च झाडीत लांडगा दिसत नाही, धावताही येत नाही. सकाळ-संध्याकाळ तो उघड्यावर चरतो, भर उन्हात सावलीला बसतो. म्हणून माळावर सरसकट झाडे लावली, तर त्याचे घरच मोडते.

अशा जमिनीला आपण 'पडीक' म्हणतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या सत्याग्रहात भूमिहीनांसाठी पडीक जमीनच मागितली होती. ती मागणी न्याय्य होती, आजही आहे. मग हरणांनी जायचे कुठे? माळ संपला की ती ज्वारीत शिरतात आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे पीक जाते.

भूमिहीन आणि हरीण, दोघांच्याही वाट्याला उरलेसुरलेच आले. त्यांची आपसात झुंज लावू देऊ नये. बंधू-भगिनींनो, ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला की गप्प बसू नका. आपला हक्क ठणकावून मागा आणि गवताचा एक पट्टा मुक्या जिवांसाठी राखायलाही सांगा. आपल्या धम्मातली करुणा माणसापाशी थांबत नाही.