अंथऊ, पाणी आणि दाराजवळची पिशवी



सुट्टीत सांगलीला आले की काकू-मावशी विचारतातच, "जपानात भीती नाही का गं वाटत?" आज त्यावरच लिहिते.

आम्ही कोबेला राहतो. इथे कितानोच्या चढावर महावीर स्वामींचं पांढरं संगमरवरी मंदिर आहे, १९८५ साली बांधलेलं. त्यानंतर दहा वर्षांनी, १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी हे शहर हादरलं. ६,४०० हून जास्त माणसं गेली. बहुतेक जण कोसळलेल्या घरांखाली आणि सामानाखाली दबून.

दक्षिणेला समुद्रात नानकाई नावाची लांब घळ आहे. तिथे फिलिपाईन समुद्राची भूपट्टी जपानच्या खाली सरकते. वरची पट्टी अडकते, वाकत राहते आणि साधारण शे-दीडशे वर्षांनी एकदम सुटते. समुद्राचा तळ उचलला जातो, त्सुनामी निघते. मागचे मोठे धक्के १९४४ आणि १९४६ चे. पुढचा येणार, हे धरूनच इथे संसार करायचा.

म्हणून आमची कपाटं भिंतीला पक्की केलेली आहेत, पलंगाच्या डोक्याशी जड काही नाही. मोठा धक्का बसला की गॅसचा मीटर आपोआप बंद होतो, म्हणजे चूल नाही असंच समजायचं. बाजारातल्या तयार आपत्कालीन जेवणात बऱ्याचदा माशाचा अर्क नाहीतर कांदा असतो. मग दाराजवळच्या पिशवीत चुरमुरे, फुटाणे, खजूर, बदाम आणि गूळ. पाणी माणशी रोज तीन लिटर, निदान तीन दिवसांचं, शिवाय गाळायला स्वच्छ कापड. दर दोन महिन्यांनी जुनं घरात वापरते आणि नवं भरते. काही वाया जात नाही.

अंथऊची वेळ टळली तर? आमच्या घरी ठरलंय, लेकरानं भूक लागेल तेव्हा खायचं. सासूबाई त्यांचा नियम पाळतील. त्यावर वाद नाही.

खरं कठीण आहे ते वेगळंच. इथे 'तेंदेन्को' शिकवतात. त्सुनामी येणार असेल तर ज्यानं त्यानं उंचावर पळायचं, कुणी कुणासाठी थांबायचं नाही. ११ मार्च २०११ ला कामाईशीतली शाळकरी मुलं अशीच धावली आणि वाचली. माझ्या मुलीची शाळा खाली, बंदराच्या बाजूला आहे. मी तिला आणायला जायचं नाही, हे आमच्यात ठरलंय. तिनं विचारलं, "मग तू?" म्हटलं, "मीही वर चढलेली असेन. तू मला शोधायला खाली यायचं नाहीस."

बारा भावनांमधली अशरण भावना मी लहानपणापासून म्हणत आले. कुणी कुणाला शरण देऊ शकत नाही, हे त्या दिवशी मुलीच्या डोळ्यांत बघून म्हणावं लागलं. पण एक कळलं: तिच्यावर विश्वास ठेवणं हीसुद्धा मायाच आहे. मी येणार नाही हे माहीत असेल, तरच ती थांबणार नाही.

आपल्याकडे पट्ट्यांची सीमा जवळ नाही, पण ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपण विसरलेलो नाही. तेव्हा एवढं कराच: पलंगाजवळचं उंच कपाट भिंतीला ठोकून घ्या आणि कुठे भेटायचं ते मुलांशी बोलून ठेवा.

जय जिनेंद्र.