अंबडमधले धुके आणि मनावरचे धुके

अंबड म्हटले की मराठवाड्यातल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर जालना जिल्ह्यातले तालुक्याचे गाव येते. मी लिहितो आहे ते नाशिकचे अंबड. मुंबई-आग्रा महामार्गाच्या एका अंगाला पांडवलेण्यांचा त्रिरश्मी डोंगर उभा आहे आणि दुसऱ्या अंगाला अंबडची औद्योगिक वसाहत पसरली आहे. एकीकडे दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी-हातोड्याने कोरलेला दगड, तर दुसरीकडे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून कापलेले लोखंड. एकाग्र मनाने केलेल्या हातकामाची ही दोन रूपे इथे समोरासमोर नांदतात.

मूळचे अंबड हे शेतीवर जगणारे गाव. सातपूरपाठोपाठ इथेही औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली आणि शेजारी सिडकोच्या सहा योजनांमधून कामगारांची घरे झाली. खानदेशातून, मराठवाड्यातून, कसमादे पट्ट्यातून आलेली माणसे इथे स्थिरावली. गरवारे पॉइंट, एक्सलो पॉइंट अशी थांब्यांची नावेसुद्धा कारखान्यांनीच दिली. पहिल्या पाळीसाठी पहाटे निघालेल्या दुचाकी, चौकातल्या टपरीवरचा चहा, डबा अडकवलेली सायकल आणि हिवाळ्यात या साऱ्यावर उतरणारे पातळ धुके, हे येथील सकाळचे नित्याचे दृश्य. त्या काळी पंचविशीत असलेले ते कामगार आज पासष्टी-सत्तरीला आले आहेत. त्यांच्या पिढीबरोबर वयात येणाऱ्या आजारांपैकी एकाविषयी आज सांगायचे आहे. तो आहे हिपॅटायटिस सी, म्हणजे यकृताला हळूहळू पोखरणारा विषाणूजन्य विकार.

हा विषाणू ओळखला गेला 1989 मध्ये. त्याच्या शोधासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना 2020 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे रक्तपेढ्यांतील प्रत्येक पिशवीची या विषाणूसाठी तपासणी सक्तीची झाली ती नवे शतक उजाडल्यानंतर. त्यापूर्वी अपघातात किंवा शस्त्रक्रियेत ज्यांना रक्त चढवले गेले, ज्यांना नीट न उकळलेल्या सुईने इंजेक्शने दिली गेली, जत्रेत एकाच सुईने ज्यांनी गोंदवून घेतले, त्यांच्यापैकी काहींच्या शरीरात हा पाहुणा वीस-तीस वर्षे गुपचूप राहिला. कावीळ होत नाही, दुखत नाही, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. बहुधा दुसऱ्याच कारणाने केलेल्या रक्ततपासणीत त्याचा पत्ता लागतो.

अशाच एका कुटुंबाची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. गृहस्थ अंबडच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर. नव्वदीच्या दशकात अपघातानंतर त्यांना रक्त द्यावे लागले होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत हिपॅटायटिस सी सापडला. पुढील तपासण्यांत यकृत काही अंशी कठीण झाल्याचे, म्हणजे सिऱ्हॉसिसची सुरुवात असल्याचे दिसले. तज्ज्ञांनी रोज एक गोळी याप्रमाणे बारा आठवड्यांचे उपचार सुरू केले. पहिला महिना बरा गेला. पाचव्या आठवड्यात घरच्यांना बदल जाणवू लागला. वर्तमानपत्राचे तेच पान ते पुन्हा पुन्हा वाचत. सुट्टे पैसे मोजताना गोंधळत. दिवसा पेंगत आणि रात्री टक्क जागे राहत. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “डॉक्टर, ह्यांनी जन्मभर मायक्रोमीटरवर माप घेतलं. आता शर्टाची बटणं खालीवर लावतात. ह्या गोळ्यांनीच डोकं गेलं, बंद करू का?”

हा प्रश्न पूर्वीच्या काळात अगदीच अवाजवी ठरला नसता. त्या वेळी इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाव्हायरिनच्या गोळ्या सहा महिने ते वर्षभर घ्याव्या लागत. तापासारखी कणकण, चिडचिड, उदासी, विस्मरण आणि लक्ष न लागणे हे त्यांचे नेहमीचे दुष्परिणाम होते. आज सोफॉसबुव्हिरसोबत डॅक्लाटासव्हिर किंवा वेलपाटासव्हिर देतात. हे उपचार बहुतेकांना बारा आठवडे पुरतात आणि शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण विषाणूमुक्त होतात. या गोळ्यांनी थकवा किंवा डोकेदुखी होऊ शकते, परंतु मनावर दाट धुके उतरले तर त्याचे खापर सरसकट गोळ्यांवर फोडू नये. कारण शोधावे.

कारणे अनेक असतात. हा विषाणू स्वतःच थकवा आणि मंदपणा आणतो. यकृत फारसे बिघडलेले नसलेल्या रुग्णांतही असा अनुभव येतो. यकृताची बिघाडावस्था पुढे गेली असल्यास आजही रिबाव्हायरिन जोडावे लागते. त्याने रक्तातले हिमोग्लोबिन उतरते आणि मग मेंदूला प्राणवायू कमी पडून डोके जड होते. मधुमेही रुग्णांत विषाणू हटू लागला की साखर पूर्वीच्याच औषधांनी अधिक खाली येऊ शकते. घाम, थरथर आणि गोंधळ ही तिची लक्षणे. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू असताना सोफॉसबुव्हिर घेतल्यास नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते. थायरॉइडची कमतरता, शरीरातील क्षारांचा असमतोल, नैराश्य, तसेच ऐकू कमी येणे हीदेखील म्हातारपणी बुद्धिमांद्याची सोंगे घेतात.

सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे यकृतजन्य मेंदूविकार. निरोगी यकृत आतड्यातून येणारा अमोनिया व इतर विषारी द्रव्ये निवळून टाकते. कठीण झालेल्या यकृताला ते जमत नाही, आणि ती द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचतात. झोपेचे चक्र उलटे होणे, अक्षर बिघडणे आणि हात पुढे ताणून मनगटे वर वळवली असता पंजे फडफडणे या त्याच्या खुणा. बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, रक्ताची उलटी किंवा झोपेची गोळी यांपैकी काहीही त्याला चेतवू शकते.

आमच्या टर्नर गृहस्थांच्या बाबतीत दोन गोष्टी उघडकीस आल्या. तीन-चार दिवस शौचास साफ होत नव्हते, आणि रात्री झोप यावी म्हणून शेजाऱ्यांनी आपल्याकडची झोपेची गोळी त्यांना दिली होती. तज्ज्ञांशी बोलून झोपेची गोळी थांबवली, लॅक्टुलोजचे पातळ औषध दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच होईल अशा बेताने सुरू केले आणि विषाणूविरोधी गोळ्या एक दिवसही न चुकवता चालू ठेवल्या. सुनेने एक युक्ती केली. कारखान्यात यंत्राजवळ नोंदवही असते तशी वही तिने घरात ठेवली. गोळी घेतल्याची वेळ, शौच, झोप, साखर आणि रोज सासऱ्यांची सही त्यात असे. आठवड्याभरात सहीची वळणे सरळ होऊ लागली. चौऱ्याऐंशी दिवस पूर्ण झाले. त्यानंतर बारा आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू आढळला नाही. जुनी एकाग्रता पूर्णपणे आली असे मी म्हणणार नाही, पण बटणे आता नीट लागतात आणि हिशोबही जुळतो.

अंबडमध्ये या धुक्याला आणखी एक पदर आहे. ज्यांचे हात अजून यंत्रावर आहेत, त्यांच्यासाठी क्षणभराचे दुर्लक्ष म्हणजे बोट गमावणे. कंत्राटी कामगार नोकरी जाईल या भीतीने आजार लपवतात आणि रात्रपाळीही करतात. उपचारांदरम्यान गुंगी वा गोंधळ जाणवत असल्यास प्रेस, लेथ आणि महामार्गावरची दुचाकी काही काळ बाजूला ठेवावी. हा आजार एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा खोकल्याने पसरत नाही. दाढीचे पाते, दात घासण्याचा ब्रश आणि साखर तपासण्याची सुई मात्र प्रत्येकाची वेगळी हवी.

काळजी घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. अर्धवट उपचारांनी विषाणू परतण्याची शक्यता असते. सर्व चालू औषधांची यादी, अगदी आम्लपित्ताच्या गोळ्या, फिटची औषधे आणि काढेसुद्धा, डॉक्टरांना दाखवावी. यकृताचा आजार म्हणून डाळ, दूध, अंडी तोडू नयेत. वृद्धांचे स्नायू झिजले तर मेंदूवरील भार वाढतो. रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणे हितकारक असते. वेदनाशामके विचारल्याशिवाय देऊ नयेत. रुग्ण जागा होईनासा झाला, बरळू लागला, काळे शौच किंवा रक्ताची उलटी झाली, ताप आला किंवा नाडी फार मंदावली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम 28 जुलै 2018 रोजी सुरू झाला. त्याअंतर्गत शासकीय केंद्रांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. आपल्या जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी. विषाणूमुक्त झाल्यावरही प्रतिपिंडांची तपासणी आयुष्यभर सकारात्मक येऊ शकते, त्याने घाबरू नये. विषाणू गेला की नाही हे व्हायरल लोडची तपासणी सांगते. सिऱ्हॉसिस असलेल्यांनी मात्र बरे झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी.

घरातले ज्येष्ठ विसरू लागले की ‘आता वय झाले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. ज्यांनी आयुष्यभर सुताइतका फरकही नजरेतून सुटू दिला नाही, त्यांच्यात पडलेला फरक तितक्याच बारकाईने टिपणे हे आपले काम आहे.